शांतता राखा

कुंभकर्णाच्या तोंडात शिरायला रांग होती. हायवेच्या कडेला, उसाच्या दोन फडांच्या मधे तो उताणा निजला होता. सिमेंटचा, जांभळट रंगाचा, पोट दुमजली घराएवढं. आत जायचं ते तोंडातून. खालच्या ओठावर पायऱ्या होत्या. ओठाच्या दोन्ही कोपऱ्यांत लोकांनी पानाच्या इतक्या पिंका टाकल्या होत्या, की त्याने नुकतंच काहीतरी जिवंत खाल्लंय असं वाटावं.

"दादा, वाकून ये. वर दात आहेत," माझा धाकटा भाऊ मुकुंदा म्हणाला.

मी वाकलो. घशात अंधार होता, भिंतींना लाल ऑइलपेंट आणि त्यावर ओल. मधोमध रबरी पडजीभ लोंबत होती. जाणारा प्रत्येकजण तिला एक चापट मारत होता, त्यामुळे ती हातांच्या तेलकटाने काळी झाली होती. ती झुलत आली आणि माझ्या गालाला लागली. गार, चिकट. मी रुमाल काढून गाल पुसला आणि मग तो रुमाल कुठे ठेवावा ते मला कळेना.

पोटात कॅन्टीन होतं. लाउडस्पीकरवर घोरणं चालू होतं आणि त्या घोरण्याखाली माणसं वडापाव खात होती. तळणीचा धूर बाहेर जायला बेंबीत बसवलेला एक पंखा तेवढा होता आणि तो बंद होता.

"काय डोकं लावलंय बघ!" मुकुंदाचे डोळे चमकत होते. "पोटात बसून पोट भरायचं!"

"आणि आतड्यात हात धुवायचे," त्याची बायको सुलभा म्हणाली. "बेसिन तिकडं आहे. तुंबलंय."

बाहेरचे खाद्यपदार्थ आणू नयेत अशी पाटी होती. सुलभाने पर्समधून चटणीपोळीच्या गुंडाळ्या काढून टेबलाखालून आमच्या हातात दिल्या. "भाऊजी, खाली वाकून खा. त्या पोराचं लक्ष आहे."

मी खाली वाकलो. टेबलाखाली कोणाचं तरी उलटलेलं सांबार वाळून घट्ट झालं होतं आणि त्यात एक केस होता. माझी गुंडाळी हातातच राहिली.

ही आमची सहल होती. मुकुंदाची जुनी व्हॅन, सुलभाच्या हातचे डबे, रात्री मुक्काम मठाच्या नाहीतर धर्मशाळेच्या ओवरीत. खर्च कमीत कमी आणि रस्त्याकडेचं असलं जे जे काही असेल ते सगळं पाहायचं. सहल म्हणायची, पण तिघांनाही माहीत होतं ती कशासाठी काढलीय.

आमच्या वडिलांनी गावाबाहेर एका तुकड्यावर एक खोली बांधून मोफत वाचनालय चालू केलं होतं. तेव्हा तिथून बैलगाडीची वाट जायची. आता हायवे रुंद होऊन थेट दाराशी आला होता आणि तो तुकडा सोन्याचा झाला होता. जागा आम्हा दोघांच्या नावावर. मी कॉलेजच्या ग्रंथालयातून निवृत्त झाल्यापासून सकाळ-संध्याकाळ ती खोली उघडत होतो. लग्न केलं नव्हतं, दुसरं काही करताही येत नव्हतं. मुकुंदाला तिथे वांगं बांधायचं होतं.

थट्टा नाही. आमच्या भागातल्या वांग्यांचं नाव आहे. त्याला फायबरचं, तीन मजली उंचीचं वांगं उभं करायचं होतं. आत हॉटेल, देठातून खाली पाहायला गॅलरी, समोर फोटो काढायला जागा. त्याचं हार्डवेअरचं दुकान बसलं होतं, पन्नाशी उलटली होती, आणि आता ह्या एकाच गोष्टीने आपण वर येऊ अशी त्याची खात्री होती. सोमवारी सब-रजिस्ट्रारकडे माझी सही हवी होती. त्याआधी मी हे सगळं डोळ्यांनी पाहावं, म्हणजे माझ्या मनात काही राहणार नाही, असं त्याचं म्हणणं.

सही करशील का, असं मात्र त्याने मला विचारलं नव्हतं. मीही काही बोललो नव्हतो. मी आयुष्यात कोणाला समोरासमोर नाही म्हटल्याचं मला आठवत नाही. ग्रंथालयातसुद्धा उशीर झालेल्यांकडून दंड मागायचं काम मी शिपायाकडे दिलं होतं.

कुंभकर्णातून आम्ही तळपायाच्या दाराने बाहेर पडलो. घोट्याच्या आडोशाला पुरुषांची रांग होती आणि तिचा वास पार व्हॅनपर्यंत येत होता.

"बघितलीस गर्दी?" व्हॅन चालू करताना मुकुंदा म्हणाला. "आणि तुझ्या वाचनालयात कोण येतं? भोसलेमास्तर आणि तो बहिरा पोस्टमन."

"पोस्टमन बहिरा नाही," मी म्हणालो. "त्याला बोलायला आवडत नाही."

"तेच ते."

मागच्या सीटवर मी विचार करत बसलो. पोरं पडजिभेला चापट मारून खिदळत होती, ते मी पाहिलं होतं. एक म्हातारी तर पोटात बसून इतकी हसली होती की तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. मला मात्र सगळीकडे पिंका आणि केसच दिसत होते. खोट माझ्याच नजरेत असेल. पुस्तकं वाचून वाचून माणसाचं नाक वाजवीपेक्षा तीक्ष्ण होत असेल.

दुसऱ्या दिवशी उलटं घर पाहिलं. छपरावर उभं केलेलं, आतलं सामान वर छताला चिकटवलेलं. वर संडासाचं भांडं टांगलं होतं, त्यात कोणीतरी खरोखरची घाण वाटावी असं काहीतरी रंगवून ठेवलं होतं आणि लोक त्याच्याखाली डोकं नेऊन फोटो काढत होते. मला भोवळ आली. बाहेर येऊन मी एका दगडावर बसलो आणि उलटी होऊ नये म्हणून दूरच्या डोंगराकडे पाहत राहिलो.

"भाऊजी, ही घाला." सुलभाने मुकुंदाची पांढरी टोपी माझ्या डोक्यावर ठेवली. "उन्हाने होतंय."

"उन्हाने नाही होत."

"मला माहितेय," ती म्हणाली आणि पाण्याची बाटली ठेवून गेली.

शेवटचं ठिकाण होतं 'आपला गाव'. त्याचे मालक शेडगे हे मुकुंदाच्या ओळखीचे. वांग्यात ते भागीदार व्हायची शक्यता होती. ते स्वतः फाटकाशी आले. दोन्ही हातांत अंगठ्या, गालात तंबाखूची गोळी.

"या या पावनं! आमच्याकडं चालतं बोलतं गाव हाय. म्हंजे चालत न्हाई आन् बोलत न्हाई, पर दिसतं तसंच!" ते आपल्याच विनोदावर हसले. मुकुंदाही हसला, जरा जास्तच.

आत पत्र्याच्या शेडमधे प्लास्टरची माणसं होती. कुंभार, लोहार, जात्यावरच्या बायका, पाणी भरणारी पोरगी. सगळ्यांचे चेहरे एकाच साच्यातले. नुसत्या मिशा वेगळ्या. कुंभाराच्या चाकावर चिप्सची पाकिटं आणि अर्धी खाल्लेली कणसं टाकली होती. दळणाऱ्या बाईच्या छातीवरचा रंग हात लावून लावून गेला होता आणि खालचं पांढरं प्लास्टर दिसत होतं. मी मान वळवली. सुलभानेही वळवली. मग ती म्हणाली, "मी चहाचं बघते," आणि निघून गेली. मुकुंदा शेडग्यांबरोबर हिशोबाचं बोलत पुढे गेला.

मी एकटाच हिंडत राहिलो आणि एका दारावरची पाटी वाचून थांबलो. 'सार्वजनिक वाचनालय'.

आत शिरलो. लांबट टेबल, दोन बाक, काठीला अडकवलेलं वर्तमानपत्र, भिंतीशी पुस्तकांचं कपाट. एका बाकावर प्लास्टरचा म्हातारा बसला होता. पायजमा, नेहरू शर्ट, पांढरी टोपी, पेपरावर वाकलेला. त्याच्या टोपीवर पाल शिटली होती. समोरच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं : शांतता राखा.

ती अक्षरं पाहून मला बरं वाटलं. दोन दिवसांत पहिल्यांदाच ओळखीचं कोणी भेटल्यासारखं. मी कपाटाकडे गेलो आणि एका पुस्तकाला हात घातला. ते निघेना. जोर केला तेव्हा सगळी ओळच पुढे आली. ती फळी होती. फळीवर पुस्तकांच्या पाठी रंगवल्या होत्या आणि मागे झुरळांची अंडी होती.

मी फळी मागे ढकलली, हात पायजम्याला पुसले आणि म्हाताऱ्याच्या समोरच्या बाकावर बसलो. पाय दुखत होते. पिशवीत माझं स्वतःचं पुस्तक होतं. ते काढलं आणि वाचायला लागलो. असं कुठेही बसून वाचायला लागलं की मला आसपासचं दिसेनासं होतं. लहानपणापासूनची सवय आहे.

"अय्या, हा बघ! ह्याच्या हातात खरं पुस्तक दिलंय!"

दारात एक कुटुंब उभं होतं. आई, वडील, एक लहान मुलगी, मागे आणखी पाच-सहा माणसं. मी मान वर करून, 'मी खरा आहे,' असं म्हणायला हवं होतं. साधी गोष्ट. पण माणसं इतकी होती, ती माझ्याकडेच पाहत होती, आणि समोर भिंतीवर ती पाटी होती. ज्या खोलीत ती पाटी असेल तिथे मी जन्मात कधी मोठ्याने बोललो नाही आणि हळू बोललो असतो तर त्यांना ऐकू गेलं नसतं. जातील आत्ता, असं वाटलं. मी डोळे पुस्तकावर ठेवले आणि हललो नाही.

ते गेले नाहीत. बाई माझ्या शेजारी येऊन बसली आणि तिने माझ्या खांद्यावर हात टाकला. तिच्या अंगाला घामाचा आणि कसल्यातरी गोड अत्तराचा वास होता. नवऱ्याने फोटो काढला. मग कोणीतरी माझ्या टोपीवर कोपर ठेवून काढला. मुलीने मसाल्याने लाल झालेली बोटं माझ्या गुडघ्याला पुसली.

"कान बघ, कानातले केससुद्धा केलेत!" एकजण म्हणाला. आणि माझ्या कानात बोट गेलं.

मी श्वास धरून बसलो होतो. जितका वेळ जात होता तितकं बोलणं अशक्य होत चाललं होतं. इतका वेळ गप्प बसलेल्या माणसाने मधेच बोलायचं, म्हणजे इतका वेळ का बसला होतास, हे सांगायला लागणार. शिसारी सगळ्याचीच आली होती. त्या बोटाची, त्या मसाल्याची, समोरच्या टोपीवरल्या पालीच्या घाणीची. पण सगळ्यांत जास्त कशाची आली असेल, तर प्लास्टरच्या त्या म्हाताऱ्याची. तो माझ्यासारखाच बसला होता. तितकाच वाकलेला, तितकाच नम्र.

तेवढ्यात माझ्या मागच्या खिडकीबाहेरून मुकुंदाचा आवाज आला.

"सोमवारी सगळं आटपून टाकू, शेडगेसाहेब."

"पर भाऊ सही करतील न्हवं? न्हाई, आयत्या टायमाला काय निघायला नको."

"दादा? तो करणारच. तो कधी कोणाला नाही म्हणत नाही. आमची आई म्हणायची, ह्याला विहिरीत उडी मार म्हटलं तरी आधी चप्पल काढून ठेवेल."

शेडगे हसले. "आन् मग म्हाताऱ्याचं काय करनार? दिवसभर घरात बसून?"

"तोच प्रश्न आहे."

"प्रश्न कसला? वांग्याशेजारी असंच एक वाचनालय करा, आन् बसवा त्यांना आत. खरा म्हातारा झ्याक दिसतोय. रंग द्यायला लागत न्हाई!"

मी वाट पाहिली. मुकुंदा काहीतरी बोलेल असं मला वाटलं.

मुकुंदा हसला. "खायलाही फार लागत नाही," तो म्हणाला.

मग शेडग्यांनी खाकरा काढला आणि आत पुतळेच आहेत अशा समजुतीने खिडकीतून मागच्या मागे पिंक टाकली. ती माझ्या खांद्यावरून, माझ्या उघड्या पुस्तकाच्या पानावर पडली. लाल, कोमट, फेसाळ. ती ओळींवरून खाली सरकताना मी पाहत होतो.

"नाही," मी म्हणालो.

माझा आवाज एवढा मोठा निघू शकतो हे मला माहीत नव्हतं. पत्र्याच्या छपराने तो परत माझ्यावर टाकला. शेजारची बाई किंचाळून बाकावरून उठली. मुलगी बापाच्या पायांना चिकटली.

आणि मग त्यांनी टाळ्या वाजवल्या.

"बोलतो! अरे, बोलतो हा!"

"सेन्सर असणार. आपण जवळ गेलो ना, म्हणून."

"बाबा, परत बोलायला लावा ना त्याला!"

बाप पुढे झाला आणि माझ्या तोंडाशी वाकून ओरडला, "काय आजोबा, लग्न झालंय का?"

"नाही," मी म्हणालो. ते खरं होतं.

हशा. पुन्हा टाळ्या.

"आजोबा, फिरायला येणार का?"

"नाही."

मी उठून उभा राहिलो तेव्हा मात्र हसणं कमी कमी होत गेलं. बाईने तोंडावर हात घेतला. तिचा नवरा मोबाइल खिशात घालत पुटपुटला, "सॉरी हं, काका, आम्हाला वाटलं..." माणसं भिंतीकडेने सरकत बाहेर पडली.

खिडकीत दोन चेहरे होते. मुकुंदाचा पांढरा पडला होता. शेडग्यांचा खुलला होता.

"पावनं, ह्यास्नी मलाच द्या!" ते म्हणाले. "आवो, पब्लिक येडी झाली बघा! जेवनखान, ऱ्हायला खोली, समदं करतो. काय आजोबा? येता का हितं कामाला?"

मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. मुकुंदाकडे पाहिलं, आणि आणखी एकदा 'नाही' म्हणालो. ते त्याला ऐकू गेलं की नाही माहीत नाही, कारण मी हळू बोललो होतो. सवयीप्रमाणे.

आम्ही व्हॅनमधे बसून निघालो. सुलभा ओला रुमाल घेऊन पुस्तकाचं पान टिपत होती. डाग पसरत होता. "फाटेल," ती म्हणाली, "राहू दे का असंच?" मी मान हलवली. माझ्या शर्टाला तंबाखूचा वास येत होता आणि खिडकी उघडी असूनही जात नव्हता.

बराच रस्ता मागे पडल्यावर मी म्हणालो, "मुकुंदा, मी सही करणार नाही."

ह्या वेळी कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मुकुंदाने व्हॅन बाजूला घेतली आणि बंद केली. शेजारून ट्रक जात होते. प्रत्येक ट्रकबरोबर व्हॅन हलायची.

"शेडगे बोलले म्हणून?" त्याने आरशातून विचारलं.

"नाही."

"मी हसलो म्हणून. बरोबर? चुकलं माझं, दादा. त्याच्याकडून पैसे उभे करायचेत, तो हसला की हसावं लागतं. घरी जाऊन आईच्या फोटोसमोर कान धरतो, मग तर झालं?"

हो म्हटलं असतं तर सोपं होतं. त्याने माफी मागितली असती, ती खरीच मागितली असती, आणि सोमवारी मी सही केली असती. हे मला तिथे बसल्या बसल्या स्पष्ट दिसत होतं.

"तू हसला नसतास तरी नाही," मी म्हणालो. "मला ती खोली हवी आहे. ती आहे तशीच. आत कोणी आलं नाही तरी."

"मग आधी का बोलला नाहीस? मी चार महिने घिरट्या घालतोय! कर्ज काढायला निघालो होतो!"

"तू विचारलंच नाहीस."

"आता हे विचारायचं असतं का?" तो ओरडला. मग त्याने स्टेअरिंगवर दोन्ही हात ठेवले. त्याचे कान लहानपणी व्हायचे तसे लाल झाले होते.

सुलभा पुढे पाहत होती. "चला आता," ती म्हणाली. "डब्यातली भाजी आंबेल."

ह्या गोष्टीला बरीच वर्षं झाली. मुकुंदा माझ्याशी वर्षभर बोलला नाही. मी घर सोडून वाचनालयाच्याच मागे एक पडवी काढून राहायला लागलो. माझं बरोबर होतं का, ते मला आजही नीट सांगता येत नाही. भोसलेमास्तर वारले. पोस्टमन येतो, बोलत नाही. आठवड्यातून एखादा मुलगा स्पर्धा परीक्षेची जाहिरात बघायला येतो आणि मोबाइलवर फोटो काढून जातो. एका खोलीसाठी भावाचं नशीब अडवलं, असं गावात म्हणतात, आणि म्हणणारे मूर्ख नाहीत.

मुकुंदाचं वांगं झालंच. रस्त्याच्या पलीकडे, दुसऱ्याच्या जागेत, भाडेपट्ट्याने, शेडग्यांशिवाय. माझ्या टेबलावरून समोरच दिसतं. पावसाने रंगाचे पोपडे निघालेत आणि देठाखाली कबुतरांनी घाण करून ठेवलीय. तळणाचा वास वारा फिरला की थेट माझ्या कपाटांपर्यंत येतो. लोक येतात मात्र. हसतात, फोटो काढतात, आणि मग रस्ता ओलांडून माझ्या दारात उभे राहतात.

"आजोबा, इथे टॉयलेट आहे का?"

"नाही."

दिवसातून कितीतरी वेळा. ह्या शब्दाचा सराव आता चांगला झालाय.

संध्याकाळी गर्दी ओसरली की मुकुंदा येतो. बाहेरच्या नळावर हात धुतो, तेलाचे हात साबणाने दोनदा धुतो, मगच आत येतो. माझ्यासमोरच्या बाकावर बसून पेपर वाचतो. माझ्या अंदाजाने तो वाचत नाही, नुसता बसतो. भिंतीवर पाटी आहे, त्यामुळे बोलायचा प्रश्न नसतो.

मागच्या आठवड्यात मात्र तो पेपरावरून मान वर न करता, अगदी हळू, म्हणाला, "दादा, तुझ्या बाहेरच्या भिंतीवर वांग्याचा बोर्ड लावला तर चालेल का? छोटासाच."

"नाही."

"बरं," तो म्हणाला आणि त्याने पान उलटलं. "विचारून घेतलं."